तेरा तासांचा दिवस आणि दहा तासांचा अर्ज : लोवेल, १८४५

१३ फेब्रुवारी १८४५ या दिवशी बॉस्टन येथील विधानभवनात मॅसॅच्युसेट्स राज्याच्या प्रतिनिधी सभागृहाने नेमलेल्या एका समितीपुढे गिरणीत काम करणाऱ्या काही स्त्रिया साक्ष देण्यासाठी उभ्या राहिल्या. दोन हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे अर्ज समितीच्या हाती होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सह्या लोवेल या गिरणगावातल्या होत्या. मागणी एकच होती : गिरणीतील कामाचा दिवस कायद्याने दहा तासांचा करावा. समितीने साक्षी ऐकल्या, गिरण्यांना भेट दिली, अहवाल लिहिला आणि मागणी फेटाळली. एका राज्यातील एका समितीचा हा नकार वरवर पाहता लहान वाटेल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत एकीकडे उत्पादनाची झपाट्याने वाढ होत होती आणि दुसरीकडे समाज सुधारण्याची मोठी लाट उसळली होती. या दोन गोष्टी एकमेकींना कुठपर्यंत साथ देत होत्या आणि कुठे येऊन थांबत होत्या, हे या एका प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते, असे मला वाटते.

गावाची उभारणी

या गावाला ज्याचे नाव मिळाले त्या फ्रान्सिस कॅबट लोवेल यांनी ते गाव कधी पाहिलेच नाही. बॉस्टनचे हे व्यापारी १८१० ते १८१२ या काळात इंग्लंडमध्ये होते. यंत्रांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास तिथे बंदी होती, म्हणून त्यांनी यंत्रमागाची रचना डोक्यात साठवून आणली. परतल्यावर पॉल मूडी या कुशल यांत्रिकाच्या मदतीने त्यांनी आपला माग तयार केला आणि १८१४ मध्ये वॉल्थॅम येथे एकाच छताखाली कापसापासून विणलेल्या कापडापर्यंतची सगळी कामे करणारी गिरणी चालू झाली. ब्रिटनशी चाललेल्या युद्धामुळे परदेशी माल थांबला होता आणि युद्धानंतर १८१६ च्या जकात कायद्याने स्वस्त आयात कापडावर भारी कर बसवला, त्यामुळे या धंद्याला बाळसे धरायला अवसर मिळाला. फ्रान्सिस लोवेल १८१७ मध्ये वारले. वॉल्थॅमच्या नदीचे पाणी पुढच्या विस्ताराला अपुरे पडू लागले तेव्हा नेथन ॲपलटन, पॅट्रिक ट्रेसी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नजर मेरिमॅक नदीवरच्या पॉटकेट धबधब्याकडे वळली. तिथे नदी सुमारे ३२ फूट खाली उतरते, आणि धबधबा टाळून लाकूड नेण्यासाठी १७९६ पासून एक कालवाही होता. १८२२ मध्ये मेरिमॅक मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन झाली. तो जुना कालवा रुंद करण्यासाठी आयरिश मजुरांची एक तुकडी ह्यू कमिस्की यांच्या नेतृत्वाखाली चार्ल्सटाउनहून पायी चालत आली. १८२३ मध्ये पहिली चाके फिरली.

पुढची वाढ आकड्यांतच पाहावी. १८२६ मध्ये स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला तेव्हा वस्ती अडीच हजारांच्या आसपास होती. १८३० च्या जनगणनेत ती ६,४७४ झाली, १८४० मध्ये २०,७९६ आणि १८५० मध्ये ३३,३८३. १८३५ मध्ये बॉस्टनपर्यंत रेल्वे आली. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे शेते होती तिथे कालव्यांच्या काठाने पाच-पाच, सहा-सहा मजली विटांच्या गिरण्या ओळीने उभ्या होत्या.

सुधारणा हाही योजनेचाच भाग

इंग्लंडमधल्या गिरणगावांची दैन्यावस्था या व्यापाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि तशी वस्ती आपल्या देशात होऊ द्यायची नाही, असे त्यांच्या मनात होते. या हेतूवर संशय घेण्याचे मला कारण दिसत नाही. न्यू इंग्लंडच्या शेतकरी कुटुंबांतील तरुण मुली काही वर्षांसाठी आणायच्या, त्यांना रोख मजुरी द्यायची, त्यांच्या राहण्याजेवण्याची नीट सोय करायची आणि त्यांच्या चालचलणुकीवर लक्ष ठेवायचे, अशी ती योजना होती. म्हणून प्रत्येक कंपनीने गिरणीला लागून खानावळीवजा वसतिगृहे बांधली. ती चालवणाऱ्या बाया बहुधा विधवा असत. एका खोलीत चार ते सहा मुली, एका पलंगावर दोघी, रात्री दहाला दार बंद. रविवारी प्रार्थनेला जाणे सक्तीचे होते आणि सतत गैरहजर राहणाऱ्यांना कामावर ठेवले जाणार नाही, असे नियमावलीत स्पष्ट लिहिलेले असे. नेमणूक वर्षभराची, सोडायचे तर पंधरा दिवसांची सूचना. रीतसर सुट्टी न घेता जाणारीचे नाव इतर कंपन्यांना कळवले जाई आणि मग त्या गावात तिला कुठेच काम मिळत नसे.

ही शिस्त बाहेरून लादलेली होती, तरी तिच्यातून मुलींना जे मिळाले ते खोटे नव्हते. खाणावळीचे आठवड्याचे सव्वा डॉलर वजा जाऊन बहुतेकींच्या हाती दोन डॉलरच्या आसपास उरत, आणि तेव्हा स्त्रीला दुसऱ्या कुठल्या कामात इतकी रोकड क्वचितच मिळत असे. १८२९ मध्ये निघालेल्या लोवेलच्या बचत बँकेत त्यांची खाती होती. व्याख्याने होती, भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये होती, आणि १८४० पासून 'लोवेल ऑफरिंग' हे गिरणीकामगार स्त्रियांनीच लिहिलेले मासिक निघू लागले होते. माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होती ती त्यांची सोबत. दिवसभर एकाच खात्यात, रात्री एकाच खोलीत आणि जेवताना एकाच टेबलाशी बसणाऱ्या मुलींना एकमेकींचे मन कळायला सभा भरवावी लागत नव्हती. कंपन्यांनी देखरेखीसाठी बांधलेल्या त्या वसतिगृहांतच कंपन्यांविरुद्धची पहिली एकजूट तयार झाली.

ती प्रथम फेब्रुवारी १८३४ मध्ये दिसली. मजुरी कापणार असल्याचे जाहीर होताच सुमारे आठशे स्त्रियांनी काम बंद केले आणि गावातून मिरवणूक काढली, तर अनेकींनी बचत बँकेतून आपले पैसे काढून घेतले. त्यांच्या जाहीरनाम्यात दयेची याचना नव्हती, तर आपण स्वतंत्र नागरिकांच्या मुली आहोत, ज्या पूर्वजांनी ब्रिटनविरुद्ध क्रांतियुद्ध लढले त्यांच्या वारस आहोत आणि पैशाच्या बळावर आम्हाला कोणी दास करू पाहील तर ते आम्ही होऊ देणार नाही, असे त्यांनी लिहिले होते. तो संप काही दिवसांतच मोडला. ऑक्टोबर १८३६ मध्ये खाणावळीचे दर वाढले तेव्हा मात्र दीड ते दोन हजार स्त्रिया बाहेर पडल्या, काही महिने टिकल्या आणि काही कंपन्यांना वाढ मागे घ्यायला लावू शकल्या. हॅरिएट हॅन्सन ही अकरा वर्षांची मुलगी त्या दिवशी आपल्या खात्यातील मोठ्या मुलींची चलबिचल पाहून एकटीच पुढे निघाली आणि मागे वळून पाहते तो सगळे खाते तिच्यामागून येत होते. तिची आई कंपनीचे वसतिगृह चालवत असे, आणि मुलीला आवरता आले नाही म्हणून कंपनीने त्या विधवेचे काम काढून घेतले. देखरेखीच्या त्या व्यवस्थेचा खरा अर्थ मला या एका घटनेत सर्वाधिक उघड झालेला दिसतो.

कापूस कुठून येत होता

"आम्ही दास होणार नाही" या वाक्यापाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण ज्या सुतावर त्या मुलींचे हात चालत होते तो कापूस दक्षिणेतल्या गुलाम स्त्री-पुरुषांनी वेचलेला होता. लोवेलमध्ये विणलेले जाडेभरडे कापड पुन्हा दक्षिणेत जाऊन त्याच गुलामांच्या अंगावर येई, इतके की अशा कापडाला तिकडे 'लोवेल' म्हणूनच ओळखत. मॅसॅच्युसेट्सचे चार्ल्स समनर यांनी १८४८ मध्ये उत्तरेतले मागांचे मालक आणि दक्षिणेतले चाबकांचे मालक यांच्या युतीवर जाहीरपणे बोट ठेवले. लोवेलमध्ये गुलामगिरीविरोधी स्त्रियांची संघटना होती, तिने अर्जही पाठवले. परंतु १८३४ च्या अखेरीस इंग्लंडचे जॉर्ज थॉम्पसन तिथे गुलामगिरीविरुद्ध बोलायला आले तेव्हा जमावाने सभेवर विटा फेकल्या. हेच थॉम्पसन पुढे साताऱ्याच्या पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांपुढे मांडत होते, ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोवेलच्या भरभराटीचा हिशेब मांडताना कापसाचे हे खाते वगळले तर तो हिशेब अपुरा राहतो, आणि खुद्द दहा तासांच्या चळवळीतही ते खाते पुष्कळदा बंदच राहिले, हेही नमूद करायला हवे.

दिवस किती मोठा होता

१८३७ च्या मंदीनंतर मजुरीपेक्षा वेळेचा प्रश्न पुढे आला. विणकरीण पूर्वी दोन माग सांभाळत असे, आता तिच्याकडे तीन आणि पुढे चार दिले गेले. मागांचा वेग वाढवला गेला आणि नगाचा दर मात्र उतरवला गेला. ज्या खात्याचे उत्पादन अधिक, तिथल्या देखरेखदाराला बक्षिसी मिळे. त्यामुळे अंगावरचे काम वाढूनही कमाई जवळपास पूर्वीइतकीच राहिली.

कामाचे तास ऋतूप्रमाणे बदलत. समितीच्या अहवालातीलच तक्ता घेतला तर डिसेंबर आणि जानेवारीत दिवसाचे सरासरी ११ तास २४ मिनिटे काम होई आणि एप्रिलमध्ये १३ तास ३१ मिनिटे, आणि तेही आठवड्यातून सहा दिवस. साक्षीला आलेल्या एलायझा हेमिंग्वे यांनी सांगितले की उन्हाळ्यात काम पहाटे पाचला चालू होते आणि सायंकाळी सातला संपते, न्याहारीला अर्धा तास आणि दुपारच्या जेवणाला पाऊण तास मिळतो, आणि वर्षातले आठ महिने जेवणालाही अर्धाच तास असतो. या अर्ध्या तासात गिरणीच्या जिन्यावरून उतरायचे, वसतिगृह गाठायचे, जेवायचे आणि घंटा व्हायच्या आत परत मागापाशी यायचे.

त्यांच्या खात्याचे त्यांनी केलेले वर्णन मोजून केलेले आहे. सुमारे १३० स्त्रिया, ११ पुरुष आणि अकरा ते चौदा वर्षांची १२ मुले एका दालनात काम करत. अंधार पडल्यावर काम असेल तेव्हा त्या दालनात २९३ लहान आणि ६१ मोठे दिवे पेटत, कधीकधी ते सकाळीही लावावे लागत. इतक्या ज्योतींचा धूर आणि उष्णता त्या हवेत भरून राही. त्यातून सूत कोरडे पडून तुटू नये म्हणून गिरण्यांत खिडक्या बंद ठेवण्याची आणि हवा ओली ठेवण्याची रीत होती. तंतूंची भुकटी उडत असे, आणि धोट्याच्या छिद्रातून सूत ओढून घेण्यासाठी विणकरीण त्याला तोंड लावून श्वास आत घेई, तेव्हा तीच भुकटी सरळ छातीत जाई. आजारामुळे सहापेक्षा कमी जणी खाड्यावर आहेत असा एकही दिवस आपल्याला आठवत नाही, आणि कधी हा आकडा तीसवरही गेलेला आपण पाहिला आहे, असे एलायझा म्हणाल्या. मजुरी कमी झाली तरी चालेल पण दिवस दहा तासांचा हवा, अशी स्त्रियांची सर्वसाधारण इच्छा असल्याचेही त्यांनी सांगितले.

त्यांनी आणखीही काही सांगितले, आणि ते त्यांच्या बाजूला गैरसोयीचे होते. घंटा होण्याआधीच आत शिरायला मिळावे म्हणून दाराशी नेहमी मुलींची गर्दी असते, कारण मजुरी नगावर आहे. एक मुलगी मागच्या हिवाळ्यात पहाटे साडेचारपासून रात्री साडेसातपर्यंत राबत होती, कारण तिला अधिक पैसे हवे होते. कित्येकजणी गरीब आईवडिलांसाठी येतात, तर काही विवाहित स्त्रिया नवऱ्याच्या शेताचे पैसे फेडायला येतात. खरे ते सांगायचे, मग ते कोणाच्या पथ्यावर पडो, हा त्यांचा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्यांच्यानंतर बोलल्या सारा बॅगली. न्यू हॅम्पशरच्या या बाईंना लोवेलच्या मागांवर साडेआठ वर्षे झाली होती. १८४० मध्ये याच बाईंनी 'ऑफरिंग'मध्ये गिरणीतल्या जीवनाच्या आनंदाविषयी लेख लिहिला होता, आणि आता त्या लोवेल महिला कामगार सुधारणा संघाच्या अध्यक्ष होत्या. पहिली तीन वर्षे आपली प्रकृती चांगली राहिली, पुढे बिघडत गेली आणि गेल्या वर्षी आपण वर्षाचा तिसरा हिस्सा कामाबाहेर होतो, असे त्यांनी सांगितले. प्रकृतीच्या दृष्टीने जेवणाला मिळणारा अपुरा वेळ हे पहिले दुखणे, आणि मन घडवायला वेळच उरू न देणारा लांब दिवस हे दुसरे. चार वर्षे हिवाळ्यात त्या कामावरून परतल्यावर मुलींसाठी रात्रशाळा चालवत होत्या, आणि प्रकृती ढासळायला तेही श्रम कारण झाले असावेत, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. अधिक वेळ मिळाला तर अधिक मुली व्याख्यानांना जातील, हे त्यांचे म्हणणे होते. ज्या आत्मसुधारणेचा गौरव मालक देशभर करत होते, तिलाच दिवसात जागा मागण्यासाठी त्या उभ्या होत्या.

समितीचा निर्णय

समितीचे अध्यक्ष विल्यम शाउलर हे लोवेलचेच प्रतिनिधी आणि तिथल्या 'कुरिअर' या वृत्तपत्राचे मालक होते. समितीने लोवेलला भेट दिली, तिथली स्वच्छ अंगणे आणि खिडक्यांतली फुले पाहिली आणि अहवालात त्यांची नोंद केली. गिरण्यांसाठी नियम करण्याचा विधिमंडळाला अधिकार आहे, हे समितीने मान्य केले. पण कायदा फक्त गिरण्यांना लावून चालणार नाही, सगळ्याच कामांना लावावा लागेल. शेजारची राज्ये तसे करणार नाहीत आणि मॅसॅच्युसेट्सचा माल महाग पडेल. तास कमी झाले की मजुरी उतरेल. आणि इथला मजूर आपला सौदा आपण करण्याइतका शहाणा आहे, अशी तिची कारणे होती. गैरप्रकार आहेत हे मान्य, परंतु उपाय आपल्या हाती नाही, तो कला आणि विज्ञानाच्या प्रगतीतून, पैशाचा लोभ कमी होण्यातून आणि मानवी सुखाची ओढ वाढण्यातून येईल, असे म्हणून अहवाल थांबला.

यातला स्पर्धेचा मुद्दा फुकाचा नव्हता. शेजारी राज्यांत तसेच पाण्याचे प्रवाह होते, तसेच माग चालत होते आणि भांडवलही बॉस्टनचेच होते. मजूर शहाणा आहे हा मुद्दा मात्र मला पटत नाही. वर्षभराचा करार, नाव कळवण्याची पद्धत आणि एकमेकींशी संगनमत असलेल्या कंपन्या यांच्यासमोर एकटी मुलगी कसला सौदा करणार? शिवाय याच विधिमंडळाने १८३६ मध्ये गिरणीतील मुलांना वर्षातून तीन महिने शाळा सक्तीची केली होती आणि १८४२ मध्ये बारा वर्षांखालील मुलांचा दिवस दहा तासांपुरता मर्यादित केला होता. तेव्हा अधिकारही होता आणि उदाहरणही होते.

दोनच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, डोरोथिया डिक्स यांचे निवेदन याच विधिमंडळापुढे आले होते. तुरुंगांत आणि गरीबगृहांत साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांची स्थिती त्यांनी गावोगाव फिरून टिपली होती. स्त्रीने सभागृहात बोलण्याची रीत नसल्याने ते निवेदन सॅम्युअल ग्रिडली हाउ यांनी मांडले, सभागृह हलले आणि वूस्टरच्या रुग्णालयाच्या विस्ताराला मंजुरी मिळाली. डिक्स यांचे काम थोर होते यात शंका नाही. पण डिक्स दुसऱ्यांसाठी मागत होत्या, ज्यांच्यासाठी मागत होत्या त्यांना बोलता येत नव्हते आणि खर्चही मोजका होता, तर बॅगली आणि हेमिंग्वे स्वतःसाठी मागत होत्या, स्वतःच्या तोंडाने बोलत होत्या आणि त्यांची मागणी नफ्याच्या मुळाशी पोचत होती. दारूबंदी, रविवारची प्रार्थना, शाळा, वाचनालये या सगळ्या सुधारणांचे कंपन्यांनी स्वागत केले, कारण त्यांतून वेळेवर येणारा, शुद्धीवर असलेला आणि लिहितावाचता येणारा कामगार मिळत होता. घड्याळाला हात लावणारी सुधारणा आली तेव्हा त्याच सुधारकी भाषेत नकार लिहिला गेला.

नकारानंतर

समितीने सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी अहवालातून दडवल्या, असे संघाने जाहीर ठरावात म्हटले. त्याच वर्षी पुढची निवडणूक आली. स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता, तरी शाउलर यांना चात्यांच्या शहरातच, म्हणजे लोवेलमध्येच, ठेवावे, बॉस्टनला पाठवू नये, असा प्रचार त्यांनी केला आणि ते पडले. मे १८४५ मध्ये 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री' हे कामगारांचे साप्ताहिक निघाले आणि बॅगली त्यात लिहू लागल्या. त्याच वर्षी ४ जुलैच्या सभेत त्यांनी 'ऑफरिंग' मासिक गिरणीविरोधी लेखन छापत नसल्याचा उघड आरोप केला. १८४६ मध्ये सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज गेला, त्यांतल्या चार हजारांहून अधिक लोवेलच्या होत्या. तोही फेटाळला गेला. बॅगली त्या वर्षी लोवेलच्या तार कार्यालयात तारायंत्र चालवायला लागल्या.

१८४७ मध्ये शेजारच्या न्यू हॅम्पशरने दहा तासांचा कायदा केला, पण कामगाराने लेखी मान्यता दिल्यास अधिक तास चालतील अशी सवलत त्यात ठेवली. कायदा अमलात येण्याआधीच कंपन्यांनी करारपत्रे पुढे केली आणि सही न करणाऱ्यांना दार बंद झाले.

तोवर लोवेलच्या गिरण्यांत माणसेच बदलू लागली होती. शेतकऱ्यांच्या मुलींना न परवडल्यास परत जायला घर होते, शिक्षिकेची नोकरी होती, पश्चिमेकडे निघालेल्या कुटुंबांबरोबर जाता येत होते, आणि त्या जाऊ लागल्या. त्यांच्या जागी आयर्लंडच्या दुष्काळातून आलेली कुटुंबे आली, ज्यांना मागे फिरायला काहीच नव्हते. १८३६ मध्ये लोवेलच्याच हॅमिल्टन कंपनीत परदेशात जन्मलेले कामगार शंभरात चारही नव्हते, १८६० पर्यंत ते साठांहून अधिक झाले. १८५३ मध्ये लोवेलच्या कंपन्यांनी आपणहून दिवस अकरा तासांवर आणला. स्त्रियांसाठी आणि अल्पवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्सने केला तो १८७४ मध्ये, म्हणजे त्या फेब्रुवारीतल्या साक्षींनंतर एकोणतीस वर्षांनी.